पहिलं सर्किट कोणतं जोडावं? पाच घरगुती प्रकल्प शेजारी शेजारी

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ओळखीतल्या दोन-तीन घरांतून मला दरवर्षी एकच प्रश्न येतो. घरी बसून इलेक्ट्रॉनिक्सचं काहीतरी करायचंय, सुरुवात कशानं करू? विचारणारा कधी नववीतला मुलगा असतो, कधी त्याची आई, कधी नुकतेच निवृत्त झालेले काका. बहुतेकांनी आधी बरेच व्हिडिओ पाहिलेले असतात आणि त्यातला सगळ्यात झगमगीत प्रकल्प मनात धरलेला असतो.

पहिलं सर्किट पहिल्या प्रयत्नात क्वचितच चालतं, हे मी सगळ्यांना आधीच सांगतो. एखादी वायर शेजारच्या भोकात गेलेली असते, एलईडी उलटा बसलेला असतो, ट्रान्झिस्टरचे पाय फिरलेले असतात. ही चूक तुमची तुम्हाला सापडली तर तुम्ही दुसरं सर्किट हमखास जोडता. नाही सापडली तर सगळं सामान एका डब्यात जातं आणि डबा माळ्यावर. त्यामुळे पुढचे पाच प्रकल्प तोलताना मी खर्च आणि वेळ बघितलाय, पण सगळ्यात जास्त वजन एकाच प्रश्नाला दिलंय: बंद पडलं तर बिघाड कुठे आहे हे नवख्या माणसाला कळेल का?

पाच प्रकल्प असे: पाण्याच्या टाकीचा भोंगा, गणपतीच्या मखरातले धावते दिवे, मीडियम वेव्ह रेडिओ, छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर कुंड्यांना पाणी.

| प्रकल्प | सुट्या भागांचा अंदाजे खर्च | पहिल्यांदा लागणारा वेळ | बिघाड बहुधा कुठे |
|---|---|---|---|
| टाकीचा भोंगा | १०० रुपयांच्या आसपास | एक संध्याकाळ | ट्रान्झिस्टरचे पाय, गंजलेली टोकं |
| धावते दिवे | १५० ते २०० रुपये | एक सुट्टीचा दिवस | चुकलेली पिन, मोकळी राहिलेली पिन |
| रेडिओ | २०० ते ३०० रुपये | दोन-तीन दिवस | कॉइल, किंवा घराची जागाच |
| अ‍ॅम्प्लिफायर | १५० ते २५० रुपये | दोन तास | गुणगुण, चुकीचं ग्राउंड |
| कुंड्यांना पाणी | ९०० ते १,२०० रुपये | दोन-तीन सुट्टीचे दिवस | वायर की प्रोग्रॅम, हेच आधी कळत नाही |

या खर्चात अवजारं धरलेली नाहीत. पाचांपैकी काहीही निवडलंत तरी एक ब्रेडबोर्ड (डाग न देता भोकांत वायरी खोचून सर्किट जोडायची पट्टी), जंपर वायरी आणि दोन-तीनशे रुपयांचा साधा मल्टिमीटर लागणारच. सोल्डरिंग आयर्न लगेच घेऊ नका. आधी ब्रेडबोर्डवर सर्किट चालू द्या, मग डाग द्यायचा विचार करा. मल्टिमीटर मात्र पहिल्या दिवशीच हवा. रेझिस्टन्सवरच्या रंगांचा क्रम लक्षात ठेवायचं ‘बी. बी. रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन’ हे वाक्य पाठ असलं तरी स्वस्त रेझिस्टन्सवरचा तपकिरी आणि लाल पट्टा ट्यूबलाइटच्या उजेडात सारखाच दिसतो, तिथे मीटरच खरं बोलतो. मुंबईकरांना हे सगळं ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतं आणि पुणेकरांना बुधवारातल्या तापकीर गल्लीत. जाताना भागांची नावं आणि आकडे कागदावर लिहून न्या आणि प्रत्येक भाग दोन-दोन घ्या. एकच ट्रान्झिस्टर आणलात आणि तो जळला, तर रविवार गेलाच.

टाकीचा भोंगा

ज्यांच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे त्यांना मी हाच सुचवतो. नळाला पाणी येतं, मोटर चालू करून माणूस दुसऱ्या कामाला लागतो आणि थोड्या वेळानं वरून धार पडल्याचा आवाज येतो. हा आवाज ज्या घरानं ऐकलाय, त्या घरात या सर्किटाची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

लागतं काय? बीसी ५४७ जातीचा एक ट्रान्झिस्टर, एक बझर, दोन रेझिस्टन्स, ९ व्होल्टची बॅटरी आणि गच्चीपर्यंत पोचेल एवढी घंटीची वायर. वायरीची दोन उघडी टोकं टाकीच्या काठापासून चार बोटं खाली, एकमेकांपासून दोनेक सेंटिमीटरवर टांगायची. नळाच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून त्यातून थोडी वीज वाहते. हा प्रवाह मिलीअँपिअरच्या अंशाएवढा क्षीण असतो, त्यावर बझर वाजणं शक्य नाही. पण तोच ट्रान्झिस्टरच्या बेस या पायाला मिळाला की कलेक्टर या दुसऱ्या पायातून त्याच्या शंभर-दोनशे पट प्रवाह वाहू लागतो आणि बझर ओरडतो. ट्रान्झिस्टर म्हणजे काय, हे पुस्तकातल्या चार आलेखांपेक्षा इथे जास्त स्वच्छ कळतं. पेल्यातल्या पाण्यात दोन वायरी बुडवा, आवाज येतो. बाहेर काढा, थांबतो. मग पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि फरक ऐका.

आता माझा मुख्य प्रश्न. वाजलं नाही तर? पाण्यातली दोन्ही टोकं बाहेर काढून एकमेकांना टेकवा. बेसच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टन्स ठेवला असेल तर यात धोका नाही. वाजलं, तर सर्किट बरोबर आहे, अडचण पाण्याची किंवा वायरीच्या टोकांची. तरीही गप्प राहिलं, तर वायरीच्या तुकड्यानं कलेक्टर आणि एमिटर क्षणभर जोडा. आता वाजलं म्हणजे बॅटरी आणि बझर ठीक, घोळ ट्रान्झिस्टरशी आहे. दोन वेळा वायर टेकवून तुम्ही सर्किटाचे तीन भाग वेगळे केले. बाकीच्या चारही प्रकल्पांत चूक इतक्या सरळ पकडता येत नाही, आणि या एका कारणासाठी मी भोंग्याला पहिला नंबर देतो.

घोळ बहुतेक वेळा पायांचा असतो. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. दुकानदारानं त्याऐवजी २एन ३९०४ दिला तर सपाट बाजूनं क्रम नेमका उलटा. दोन्ही दिसायला सारखेच, त्यामुळे अंगावरचा आकडा भिंगानं का होईना, वाचाच.

या प्रकल्पाचा खरा दोष काही महिन्यांनी दिसतो. तांब्याच्या ज्या टोकाला बॅटरीची धन बाजू जोडलेली असते ते पाण्यात हिरवं पडतं आणि झिजत जातं. हे विद्युत अपघटन आहे, वायर महागाची घेतली तरी ते थांबत नाही. तांब्याऐवजी स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले की बराच काळ टिकतात. नुसत्या भोंग्यात ही झीज कमी होते, कारण पाणी टाकीच्या तोंडाशी आल्यावरच प्रवाह वाहतो. पाव, अर्धी, पाऊण अशी पातळी दाखवणारं मोठं सर्किट करायला गेलात तर तळाची सामाईक वायर चोवीस तास पाण्यात असते आणि तीच आधी जाते. अशा ठिकाणी एक पुश बटण घाला, बघायचं तेव्हाच दाबायचं. नाहीतर फ्लोट स्विच घ्या. त्यात चुंबक आणि चुंबकानं चालू-बंद होणारा रीड स्विच असतो, वीज पाण्याला शिवतच नाही.

पुढचा मोह ठरलेला आहे: टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी. कल्पना चांगली आहे, पण मोटर २३० व्होल्टवर चालते आणि सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. ते काम नव्या माणसानं ब्रेडबोर्डवर करायचं नाही. भोंगा वाजवा, बटण हातानं बंद करा. पुढे कंट्रोलर बसवायचाच असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मखरातले धावते दिवे

घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर मात्र माझा कौल बदलतो. भोंगा उपयोगाचा आहे, पण मुलाला टाकी भरल्याचा आनंद होत नाही. गणपतीच्या मागे एकामागून एक दिवे धावताना आलेल्या पाहुण्यांना ‘हे मी केलंय’ म्हणता येणं, याची सर भोंग्याला नाही.

यात दोन आयसी, म्हणजे एका छोट्या चौकटीत बसवलेली तयार सर्किटं, लागतात. पहिली ५५५, हान्स कॅमेंझिंड यांनी १९७१ मध्ये रचलेली आणि अजूनही चहाच्या किमतीत मिळणारी. ती ठोके देते. दुसरी ४०१७, ती प्रत्येक ठोक्याला आपल्या दहा पायांपैकी पुढच्या पायावर व्होल्टेज देते. दहा पायांना दहा एलईडी लावले की दिवा धावतो.

इथे आकडेमोड हातात खेळते, हे मला फार आवडतं. ५५५ भोवती एका जागी १० किलोओहमचा, दुसऱ्या जागी १०० किलोओहमचा रेझिस्टन्स आणि १ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावला तर सेकंदाला जवळपास सात ठोके पडतात. कपॅसिटर काढून १० मायक्रोफॅरॅडचा लावला की दहापट संथ, साधारण दीड सेकंदाला एक पाऊल. १०० किलोओहमच्या जागी पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स, लावला की वेग बोटानं फिरवता येतो. सूत्र नंतर शिकलं तरी चालतं, कपॅसिटर मोठा केला की वेळ लांबतो हे डोळ्यांनी आधी पाहिलेलं असतं.

चुका भोंग्यापेक्षा जास्त होतात, कारण जोडण्या तीसेक आहेत. पण त्या चुका डोळ्यांना दिसतात. ४०१७ चे दहा पाय ओळीनं नसतात. दिव्यांचा क्रम पिन ३, २, ४, ७, १०, १, ५, ६, ९, ११ असा आहे. हा कागदावर न लिहिता जोडलं तर दिवा धावायच्या ऐवजी उड्या मारतो. कोणता दिवा चुकीच्या वेळी लागला ते बघून चुकलेली वायर लगेच सापडते.

दुसरी चूक मी स्वतः केली होती आणि तिनं अख्खी संध्याकाळ खाल्ली. ४०१७ ची १३ आणि १५ नंबरची पिन ऋण बाजूला जोडायचीच असते. मी १५ नंबरची मोकळी सोडली. दिवे कधी धावायचे, कधी अडायचे, आणि हात जवळ नेला की वेड्यासारखे लुकलुकायचे. मला वाटलं आयसी खराब आहे. ४०१७ सारख्या सीमॉस जातीच्या आयसीची मोकळी पिन हवेतला विजेचा गोंधळ उचलते, हे त्या दिवशी कळलं. दोन्ही आयसींच्या पुरवठ्याच्या पिनांजवळ १०० नॅनोफॅरॅडचा एकेक छोटा कपॅसिटरही घाला. ५५५ प्रत्येक ठोक्याला पुरवठ्यात झटका देते आणि त्यामुळे ४०१७ एकाऐवजी दोन पावलं मोजू शकते.

प्रत्येक एलईडीला स्वतंत्र ४७० ओहमचा रेझिस्टन्स द्या. दहा रेझिस्टन्स मिळून काही रुपये, तिथे काटकसर नको. दहा दिवस चालवायचं तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरणार नाही, ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घ्या. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून बरीच घरं पुठ्ठ्याचं मखर करतात. पुठ्ठ्याला ५ मिलिमीटरचं भोक पाडलं की एलईडी घट्ट बसतो. कागद, कापड आणि फुलांच्या इतक्या जवळ २३० व्होल्टच्या स्वस्त तोरणापेक्षा हे ९ व्होल्ट मला कितीतरी सुरक्षित वाटतात.

रेडिओ: सगळ्यात सुंदर, आणि सगळ्यात बेभरवशाचा

मनातून मला या पाचांत रेडिओ सगळ्यात प्रिय आहे, आणि तरीही पहिला प्रकल्प म्हणून तो मी सहसा सांगत नाही.

प्रिय का, तर क्रिस्टल रेडिओला बॅटरीच लागत नाही. कॉइल, गँग (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर), जर्मेनियमचा डायोड, जास्त ओहमचा इअरफोन, लांब एरियल आणि जमिनीत अर्थिंग. आवाजासाठी लागणारी सगळी ऊर्जा लहरींतूनच येते. १९०४ मध्ये जगदीशचंद्र बोस यांना गॅलिना खनिजाच्या संवेदकाचं अमेरिकन पेटंट मिळालं होतं, आपला डायोड त्याच कामाचा वारस आहे. ट्यूनिंगचं गणितही हातानं पडताळता येतं. कॉइल २५० मायक्रोहेन्रीची असेल तर पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झला गँग साधारण १६० पिकोफॅरॅडवर आणावी लागते आणि मुंबईच्या ५५८ किलोहर्ट्झला सुमारे ३२५ वर. गँग फिरवताना एकदम माणसाचा आवाज कानात उमटतो. तो क्षण ज्यानं अनुभवला, त्याला ‘अनुनाद’ हा शब्द पुन्हा समजवावा लागत नाही.

आता अडचणी. आवाज आला नाही, तर कारणं सहा असू शकतात आणि त्यातली तीन तुमच्या हातात नसतात. स्टेशन दूर असेल. इमारतीच्या सळया लहर अडवत असतील. शेजारचा एलईडी बल्ब किंवा मोबाइलचा चार्जर मीडियम वेव्हभर खरखर पसरवत असेल. तुमचं सर्किट पूर्णपणे बरोबर असूनही शांतता. नव्या माणसाचा उत्साह घालवायला याहून वाईट काही नाही. शिवाय आकाशवाणीचे बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर गेल्या काही वर्षांत बंद होत आले आहेत. म्हणून सुटे भाग आणण्याआधी कुणाचा तरी जुना ट्रान्झिस्टर रेडिओ मागून आणा, ज्या खोलीत बसून काम करणार तिथे मीडियम वेव्ह लावा आणि दिवसा एखादं स्टेशन खणखणीत येतं का बघा. येत नसेल, तर या प्रकल्पाचा विचार सोडा. येत असेल, तर पुढे वाचा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वीस मीटर एरियल आणि अर्थिंग कुठून आणायचं? त्यांनी टीए ७६४२ ही तीन पायांची आयसी घ्यावी. एकट्या दीड व्होल्टच्या सेलवर चालते, फेराइटच्या कांडीवरची कॉइल हेच तिचं एरियल. कांडीचं टोक स्टेशनच्या दिशेला केलं की आवाज बुडतो आणि आडवी फिरवली की परत येतो. रेडिओनं दिशा शोधता येते, हे मुलांना दाखवायला याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

एफएम रेडिओ ब्रेडबोर्डवर करायला जाऊ नका. ब्रेडबोर्डच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये काही पिकोफॅरॅड नुसतेच लपलेले असतात आणि १०० मेगाहर्ट्झच्या आसपास तेवढ्यानं सगळं ट्यूनिंग बिघडतं. एफएम ट्रान्समीटरची सर्किटं सगळीकडे दिसतात, त्यांच्याही नादी लागू नका. परवान्याशिवाय प्रसारण करणं आपल्याकडे कायद्यानं गुन्हा आहे आणि मुलाच्या हाती ते देणं तर मला अजिबात पटत नाही.

अ‍ॅम्प्लिफायर

इथे फळ सगळ्यात लवकर मिळतं. पीएएम ८४०३ चा तयार छोटा बोर्ड ५ व्होल्टवर म्हणजे मोबाइलच्या चार्जरवर चालतो, दोन बाजूंना तीन-तीन वॅटपर्यंत आवाज देतो आणि जोडायला तास-दोन तास पुरतात. मात्र त्यात शिकायला फारसं काही उरत नाही, सगळं आयसीच्या आत झालेलं असतं. एकच नियम पाळा: त्याच्या स्पीकरची ऋण तार ग्राउंडला कधीही जोडायची नाही, दोन्ही तारांवर सिग्नल असतो.

शिकायचं असेल तर एलएम ३८६ घ्या. अर्ध्या वॅटच्या आसपासची, पण आठच पाय. नुसती लावली तर आवाज २० पट वाढवते. पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाकला की २०० पट. तेव्हा गाण्याबरोबर गुणगुणही २०० पट होते आणि मग ग्राउंडच्या वायरी एका बिंदूला आणणं, इनपुटला शिल्डेड वायर वापरणं, हे धडे आपोआप येतात. बिघाड शोधणंही कानानं जमतं: इनपुटच्या तारेला बोट लावा, ‘भुर्रर्र’ आलं तर आयसी जिवंत आहे.

एलए ४४४० च्या बोर्डाचं नाव गावोगावी ऐकू येतं. आवाज दमदार आहेच, पण त्याला १२ व्होल्टचा दोन-तीन अँपिअरचा पुरवठा आणि उष्णता घालवायला मोठा हीटसिंक लागतो. तो दुसरा अ‍ॅम्प्लिफायर असू द्या. त्यापेक्षा जुन्या टीव्हीतला स्पीकर काढून बुटांच्या खोक्याला भोक पाडून बसवा. उघड्या स्पीकरच्या मागची लहर पुढच्या लहरीला खाऊन टाकते, खोक्यात गेली की खालचे सूर परत येतात. एवढ्या बदलानं अर्ध्या वॅटचं गाणं भरून येतं.

आर्डुइनो आणि कुंड्या

हल्ली बहुतेक जण इथूनच सुरुवात करू पाहतात. इटलीतल्या इव्रेया गावात २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेला हा बोर्ड खरोखरच थोर आहे. ज्याला प्रोग्रॅमिंग थोडंफार येतं त्याच्यासाठी वाट मोकळी आहे. पण ज्यानं अजून एकही एलईडी पेटवलेला नाही, त्यानं सुरुवात इथून करू नये, असं माझं मत आहे.

कारण परत तोच प्रश्न. झाडाला पाणी गेलं नाही, आता शोधायचं कुठे? सेन्सर, वायर, प्रोग्रॅम, पंप, पुरवठा, काहीही असू शकतं. सगळ्यात फसवा बिघाड असा: पंप सुरू झाला रे झाला की प्रोग्रॅम पहिल्यापासून चालू होतो. मुलं तासन्‌तास प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. खरं कारण हे की पंपानं एकदम प्रवाह ओढला, व्होल्टेज पडलं आणि बोर्ड रिसेट झाला. मल्टिमीटर लावायची सवय भोंग्यावर लागलेली असेल तर हे पाच मिनिटांत कळतं.

करायचंच ठरवलं असेल, तर चार गोष्टी सांगतो. ओलावा मोजायला दोन दातांचा उघडा सेन्सर घेऊ नका, टाकीतल्या वायरीसारखाच तोही काही आठवड्यांत झिजतो. कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या, थोडा महाग आहे पण धातू मातीला लागत नाही. आर्डुइनोचा युनो बोर्ड सेन्सरचं व्होल्टेज ० ते १०२३ या आकड्यांत वाचतो. सेन्सर आधी कोरड्या हवेत, मग पेल्यातल्या पाण्यात खुणेपर्यंत धरून दोन्ही आकडे लिहून ठेवा. पाण्यात आकडा कमी होतो, जास्त नाही, इथे बरेच जण उलट अट लिहितात. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधले आकडे तुमच्या सेन्सरला लागू पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, पंप थेट पिनला जोडायचा नाही. युनोच्या एका पिनकडून २० मिलीअँपिअरपर्यंतच काम घ्यावं, छोटा पंपही शंभराच्या वर ओढतो. मध्ये मॉसफेट (ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार) किंवा साधा ट्रान्झिस्टर हवा आणि पंपाला उलटा १एन ४००७ डायोड, नाहीतर पंप बंद होताना उसळणारं व्होल्टेज ट्रान्झिस्टर मारतं. तिसरी, प्रोग्रॅममध्ये कमाल वेळ लिहा: सेन्सर काहीही म्हणो, पंप एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणार नाही आणि तपासणी तासातून एकदाच.

चौथी गोष्ट व्हिडिओंमध्ये फारशी दिसत नाही. बादली वर आणि कुंडी खाली असेल, तर पंप बंद झाल्यावरही नळीतून पाणी वाहतच राहतं. हा वक्रनलिकेचा परिणाम, याला ना प्रोग्रॅम थांबवतो ना ट्रान्झिस्टर. बादली कुंडीपेक्षा खाली ठेवा. गावाला जाण्याआधी दोन दिवस घरी असताना चालवून बघा. गॅलरीतून खालच्या मजल्यावर पाणी गेलं तर शेजाऱ्यांना आर्डुइनो समजावत बसावं लागेल.

लाइन फॉलोअर, म्हणजे जमिनीवरची रेघ धरून चालणाऱ्या, गाडीबद्दलही खूप जण विचारतात. छान आहे, पण तिच्यात आर्डुइनोच्या सगळ्या अडचणी आणि वर मोटरी. एवढंच लक्षात ठेवा की ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर तिच्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या) मोटरी नीट चालत नाहीत, ती तेवढा प्रवाह देऊच शकत नाही. पेन्सिल सेल वापरा. सुटे लिथियम सेल चार्जिंगचा अनुभव येईपर्यंत लांब ठेवा, शॉर्ट झाले तर आग लागते.

कुणी काय घ्यावं

टाकी असलेलं घर, वेळ एकच संध्याकाळ: भोंगा. मूल बरोबर बसणार असेल आणि गणपतीला दीड-दोन महिने असतील: धावते दिवे, पण त्याआधी एकदा भोंगा पेल्यातल्या पाण्यात करून बघा. त्याचाच ट्रान्झिस्टर पुढे एलईडींच्या मोठ्या माळेला वापरता येतो. गाण्याचा शौक आणि घरात पडलेला जुना स्पीकर: एलएम ३८६. संगणकावर काम करणाऱ्या माणसाला प्रोग्रॅमची भीती नसते, वायरींची असते. त्यानं दोन शनिवार ५५५ वर घालवावेत आणि मग आर्डुइनोकडे जावं.

निवृत्त काकांना मी बहुधा रेडिओ सांगतो, मात्र त्यांच्या खोलीत स्टेशन येत असेल तरच. त्यांच्याकडे घाई नसते. कॉइलचे वेढे सोडवून पुन्हा गुंडाळायची तयारी असते, आणि सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवा, नंतर हात साबणानं धुवा म्हटलं की ते ऐकतात. गेल्या हिवाळ्यात अशाच एका काकांनी फेराइटच्या कांडीवर तीनदा वेढे घातले. चौथ्यांदा पुणे लागलं, सकाळच्या बातम्या संपत आल्या होत्या.